फुकटचं पान

छाया,

तू गेल्यापासून घरात माणसं येताहेत. सोफ्यावर बसतात, पाण्याचा पेला हातात नुसता धरून ठेवतात आणि तुझ्याबद्दल बोलतात. शांत होत्या. मनमिळाऊ होत्या. कधी कुणाला वर आवाज करून बोलल्या नाहीत. मी मान हलवतो. त्यात खोटं काहीच नाही, पण ऐकताना वाटत राहतं, की ही मंडळी दुसऱ्याच कुणाकडे जायला निघाली होती आणि चुकून आपल्या दारात आली. कारण हातात दोन एक्के आले की ही बाई समोरच्याला श्वास घेऊ देत नसे, असं यातलं कुणीच म्हणत नाही.

ते फक्त उदय आणि मीनलला माहीत आहे. आणि मला.

उदयनंच तर हा खेळ आपल्या घरात आणला. तो आणि मीनल खालच्या मजल्यावर, आपण वर. रविवारची दुपारची जेवणं कधी त्यांच्याकडे, कधी आपल्याकडे, आणि मग रमी नाहीतर मेंढीकोट. उदयला कंपनीनं काही महिने बाहेरच्या देशात पाठवलं होतं, तिथून तो पोकर शिकून आला. त्यातला होल्डेम. प्रत्येकाला दोन पानं, ती झाकून ठेवायची. मग टेबलाच्या मधोमध सगळ्यांची मिळून पाच पानं उघडत जायची, आधी एकदम तीन, मग एक, मग शेवटचं एक. आपली दोन आणि मधली पाच, यांतून ज्याची सगळ्यांत भारी पाच जुळतील तो जिंकला. आणि दर टप्प्याला लावायचं.

लावायचं म्हटल्याबरोबर तू खुर्ची मागे सरकवलीस.

"जुगार नको बाबा. तीनपत्तीपायी आमच्याकडं माणसं कशी होतात ते मी बघितलंय."

"वहिनी, पैसे लावायचेच नाहीत," उदय म्हणाला. "आणि हा लिमिटवाला प्रकार आहे. एका वेळी किती लावायचं ते आधीच ठरलेलं. त्याच्यापेक्षा एक जास्त नाही, एक कमी नाही."

त्यानं नीट समजावलं. पहिल्या दोन फेऱ्यांत दोन-दोन, पुढच्या दोन फेऱ्यांत चार-चार. कुणी लावले, तर आपण तेवढेच घालून बघायचं, किंवा आणखी तेवढेच घालून वाढवायचं, नाहीतर पानं टाकून द्यायची. कुणी काहीच लावलं नसेल तर आपणही गप्प बसून पुढचं पान बघू शकतो. आणि एका फेरीत वाढवायचं तेही तीनदाच.

तू ऐकून घेतलंस. "म्हणजे एखाद्याकडं लई साठले, तर ते सगळे एकदम पुढं ढकलून दुसऱ्याला घाबरवता येत नाही?"

"नाही."

"मग बसते," म्हणालीस, आणि लावायला म्हणून माळ्यावरचा, माहेराहून, अंबाजोगाईहून आणलेल्या चिंचोक्यांचा डबा काढलास.

खरं सांगायचं तर मला तेव्हा तो खेळ मिळमिळीत वाटला होता. कुणाला पळवून लावता येत नाही, एका फटक्यात काही होत नाही. भारी पानं हातात आली तरी थोडं थोडंच लावायचं, दर टप्प्याला, पुन्हा पुन्हा. त्या थोड्याथोडक्यात किती जोर लावायचा, एवढीच काय ती गोष्ट तुमच्या हातात. ती एवढीशी गोष्ट माणसाला आतून बाहेर दाखवते, हे मला तुझ्यासमोर बसून कळलं.

माझी पद्धत तुला माहीत आहे. मी चिपळूणच्या बाजूचा, आमच्याकडे फणस किती लागलेत हेसुद्धा कुणी शेजाऱ्याला सरळ सांगत नाही. भारी पानं आली की मी चेहरा पाडून बसायचो. लावायचो नाही. समोरच्याला वाटू दे याच्याकडे काही नाही, येऊ दे त्याला आत, मग शेवटी धरायचं. मला त्यात कौशल्य वाटायचं. तुझ्याकडे भारी पानं आली की तू लगेच लावायचीस. कुणी वाढवलं की तू त्यावर वाढवायचीस. तोंडावर ना आनंद, ना घाई. भाजीला फोडणी घालावी तितक्या सहज.

सुरुवातीचा तो एक डाव मला अजून पानापानानं आठवतो. माझ्या हातात दोन राजे. मध्ये उघडली तीन पानं, त्यात आणखी एक राजा, एक नव्वी, एक पंजी. तीन राजे झाले माझे. तू आणि उदयनं पानं आधीच टाकली होती, उरलो होतो मी आणि मीनल. मी नेहमीसारखा गप्प बसलो. मीनलही गप्प बसली. पुढचं पान आलं अठ्ठी. आता मी लावले, मीनलनं वाढवलं. मी वाढवलं, तिनं पुन्हा वाढवलं. शेवटचं पान दुर्री. पानं उघडली, तर मीनलच्या हातात सत्ती आणि छक्की. पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी. सलग पाच. माझे तीन राजे तसेच पडून.

"नशीब," मी म्हणालो.

"नशीब कसलं?" तू म्हणालीस. "मीनल, यानं आधी लावलं असतं तर तू काय केलं असतंस?"

मीनलनं खांदे उडवले. "टाकली असती की. माझ्याकडे होतं काय तेव्हा? एक अठ्ठी आली तरच काहीतरी."

तू माझ्याकडे वळलीस. "ऐकलास? फुकटचं पान दिलंस तिला. तिला ते पान बघायला काहीतरी मोजावं लागायला पाहिजे होतं. तू बसलास चेहरा करून."

त्या दिवशी मी हसण्यावारी नेलं. पण 'फुकटचं पान' हा शब्द आपल्या टेबलाला कायमचा चिकटला. कुणी भारी हात धरून गप्प बसलं की उदयसुद्धा तुझ्या बोलीत म्हणायचा, "कशाला फुकटचं पान द्यायलास?"

तू नेहमी जिंकायचीस असं नाही. तेही कुणाला तरी सांगायला हवं. एकदा तुझ्याकडे दोन एक्के होते. तू दर फेरीला लावलंस, उदय नुसतं तेवढेच घालून बघत राहिला, त्याच्या हातात दोन दश्श्या. शेवटच्या पानावर तिसरी दश्शी उतरली आणि ढीग त्याच्याकडे गेला. उदयलाच वाईट वाटलं. मी मनातून खूश होतो, कारण तुझी पद्धत अंगावर आलेली मला बघायची होती. तू पानं गोळा करून पिसायला घेतलीस.

"हरलीस ना?" मी म्हणालो.

"हरले. चुकले नाही."

"फरक काय?"

"फरक हा, की आता परत एक्के आले तर मी परत तेच करीन."

आणि तू केलंस. थोड्या वेळानं तुला एक्का आणि राजा आले, मध्ये एक्का उघडला, आणि तू तशीच, तितक्याच शांतपणे लावायला सुरुवात केलीस. मी त्या वेळी पानं बघतच नव्हतो, तुझ्याकडे बघत होतो. माणूस आत्ताच मार खाऊन इतका स्वच्छ कसा राहू शकतो, हे मला समजत नव्हतं. आजही समजत नाही.

आपला वाद मात्र मिटला नाही. एकदा माझ्याकडे दोन अठ्ठ्या आल्या आणि मध्ये एकदम आणखी दोन. चार अठ्ठ्या. मी गप्प बसलो, सगळे गप्प बसले, पुढच्या पानावर उदयकडे काहीतरी जुळलं, तो लावत गेला आणि मी शेवटी धरला. मी तुला म्हणालो, "आता बोल. सुरुवातीला लावलं असतं तर सगळे पळाले असते."

तू विचार केलास. तू वादातसुद्धा समोरच्याचं खरं असेल तर मान्य करायचीस, हे मला नेहमी अडचणीचं वाटायचं.

"इथं तुझं बरोबर आहे," म्हणालीस. "चार अठ्ठ्यांना हरवणारं पान कुठून येणार? थांबलास तर काय बिघडतंय. पण असा हात किती वेळा येतो, नितीन? बाकीच्या वेळी आपला हात नुसता चांगला असतो. हरवणारं पान उरलेल्या कॅटमध्ये असतंच. तेव्हा थांबायचं नाही."

"आणि आपला हात चार अठ्ठ्यांचा आहे की नुसता चांगला, हे ठरवायचं कुणी?"

"आपणच. म्हणून तर अवघड आहे."

तिथे आपण सोडलं. उठून चहा टाकलास. मला वाटलं होतं पुढे कधीतरी पूर्ण करू.

तुझ्या कंपनीतलं प्रकरण झालं ते त्यानंतर. येणाऱ्या लोकांपैकी काहींना ते ओझरतं माहीत आहे, 'मॅडमनी माल थांबवला होता' एवढंच. मला ते आपल्या स्वयंपाकघराच्या ओट्यापासून माहीत आहे.

चाकणच्या त्या कारखान्यात गाडीचं पुढचं चाक ज्याच्या आधारानं वळतं तो ओतीव लोखंडी भाग बनायचा, आणि तू तपासणीत होतीस. एका संध्याकाळी कंपनीची बस उतरून घरी आलीस, पर्स खांद्यालाच होती, आणि म्हणालीस, "तडे निघालेत."

एका लॉटमधल्या काही भागांना बारीक तडे. तू लाल टॅग लावून तो माल बाजूला काढलास. प्लांट मॅनेजर मोहिते साहेब म्हणाले, वरवरची रेघ आहे, घासून टाका आणि पुढे पाठवा, डिस्पॅच अडलाय. तू म्हणालीस, वरवरची नाही. संध्याकाळी निघताना पाहिलंस तर टॅग काढलेले होते.

"तुझ्याकडे काय आहे?" मी विचारलं.

"फोटो आहेत. रिडिंग आहेत. चार नग माझ्या कपाटात कुलपात आहेत."

मी तुला माझ्या बुद्धीनं सल्ला दिला. म्हणालो, आता काही बोलू नकोस. पुढच्या महिन्यात तुमच्याकडे गिऱ्हाईक कंपनीचे लोक ऑडिटला येणार आहेत. तोवर जमव. त्यांच्यासमोर एकदम सगळं टेबलावर ठेव. तेव्हा कुणाला तुला हात लावता येणार नाही. आत्ता बोललीस तर तुला बाजूला करतील, आणि आपल्या ऋचाची बारावी आहे.

तू कणीक मळायला घेतली होतीस. मळता मळता थांबलीस.

"आणि तोवर जो माल जाईल, तो?"

मी ओट्यावर सांडलेलं पीठ पुसायला लागलो.

"त्याच्यावर कुणीतरी बसून वळण घेणार आहे, नितीन. आणि महिनाभरात माझे नग कपाटातून गेले तर? रिडिंग बदलली तर? कॅटमध्ये अजून लई पानं आहेत."

तुझ्या आवाजात नाट्य नव्हतं. तू हिशेब सांगत होतीस आणि तो बरोबर होता. तरी मी वाद घातला, पोळ्या होईपर्यंत घातला, कारण मला भीती वाटत होती. तुझ्या हाताबद्दल नाही. तुझ्याबद्दल.

दुसऱ्या दिवसापासून मी जे पाहिलं ते मी आयुष्यात आणखी कुठे पाहिलं नाही. तू कुणावर ओरडली नाहीस, पेपरवाल्याकडे गेली नाहीस, नोकरी सोडण्याची धमकी दिली नाहीस. तू मोहित्यांना मेल लिहिलास. मग त्यांच्या वरच्यांना. मग त्यांच्याही वर, मुख्य ऑफिसला. मी ते मेल वाचलेत. सगळ्यांत त्याच पाच-सहा ओळी, तेच फोटो. पुढच्या मेलमध्ये मागच्यापेक्षा एक शब्द चढा नव्हता. फक्त एक पायरी वर. त्यांनी तुला तपासणीतून काढून रेकॉर्ड रूममध्ये बसवलं, जुन्या फायलींना नंबर घालायला. तू डबा घेऊन तिथे गेलीस, फायलींना नंबर घातलेस आणि जेवणाच्या सुट्टीत पुढचा मेल पाठवलास.

त्या काळातल्या एका रविवारी मीनलनं तुला विचारलं होतं, "छाया, भीती नाही वाटत?"

"वाटती की," तू पानं वाटता वाटता म्हणालीस. "पण भीती वाटली म्हणून हातातलं पान हलकं होत नाही."

शेवटी मुख्य ऑफिसातून माणसं आली. नग कापले, बाहेरच्या लॅबमध्ये पाठवले. तडे आत खोलवर गेलेले निघाले. बाहेर गेलेला माल परत बोलावला गेला आणि वितळवला गेला. मोहित्यांची बदली झाली. तुला तुझं टेबल परत मिळालं. कुणी हार घातला नाही, तुझी तशी अपेक्षाही नव्हती. त्या दिवशी घरी आलीस, पाय धुतलेस आणि म्हणालीस, "झालं बाई एकदाचं," आणि ऋचाला केमिस्ट्रीचं विचारायला बसलीस. मी दारात उभा राहून तुझ्याकडे बघत होतो. लग्नाला इतकी वर्षं झालेली, आणि मला असं वाटत होतं की हिची कुणीतरी मला नीट ओळख करून द्यावी.

इथवरची गोष्ट मला माहीत होती. मला वाटायचं मला सगळीच माहीत आहे.

परवा दुपारी बेल वाजली. दारात साठीकडे झुकलेला एक माणूस, चपला काढून हातात घेऊन उभा. "मी मोहिते," म्हणाला. मला क्षणभर दार लावून घ्यावंसं वाटलं. पण गेलेल्या माणसाचा फोटो घरात असला की दार लावता येत नाही. मी आत बोलावलं.

ते सोफ्याच्या कडेला बसले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "तुम्हाला त्या दिवसाचं मॅडमनी सांगितलं असेलच."

"कुठल्या दिवसाचं?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "नाही सांगितलं?"

मग त्यांनी सांगितलं, आणि मी तुला सांगतोय, म्हणजे तुला कळावं की मला आता कळलंय. ज्या दिवशी तू मोहित्यांच्या वरच्यांना मेल पाठवलास, त्या दिवशी सकाळी आधी मोहित्यांच्या केबिनमध्ये गेली होतीस. दार लावून घेतलंस. कपाटातला एक नग त्यांच्या टेबलावर ठेवलास.

"म्हणाल्या, साहेब, हे वर पाठवावं लागणार आहे. मी दुपारच्या चहापर्यंत थांबते. तोवर तुम्ही तुमच्या नावानं पाठवा. तुम्हीच पकडलंत असं होईल. मी मध्ये येत नाही."

मी विचारलं, "मग?"

"मग काय." ते जमिनीकडे बघत होते. "मी चहापर्यंतचा वेळ फोन करण्यात घालवला. मॅडमना रेकॉर्ड रूममध्ये टाकायचं ठरवलं ते त्या वेळात. आणि स्टोअरला सांगून तो लॉट दुसऱ्या मालात मिसळून टाकला. म्हणजे शोधता येऊ नये. पुढे शोधताना सगळ्यांना घाम फुटला तो माझ्यामुळे."

"तिला कळलं होतं?"

"चहाच्या वेळी त्या आल्या, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि परत गेल्या. मेल गेला. नंतर चौकशी झाली तेव्हा मी बाहेर बसलो होतो. मला वाटलं, आता ही बाई सांगणार, की मी साहेबांना आधी दाखवलं होतं आणि त्यांनी माल हलवला. एवढं बोलल्या असत्या तर मी घरी गेलो असतो. निवृत्तीला आलो होतो. आतलं ऐकू येत होतं. चौकशीवाल्यांनी विचारलं, प्लांट मॅनेजरला कधी कळलं? या म्हणाल्या, माझा मेल आहे, त्यावर तारीख आहे. बास. कुरुळीकडच्या छोट्या युनिटला बदली झाली, तिथून सुखरूप रिटायर झालो."

ते उठले. दाराशी थांबून म्हणाले, "येऊन बोलायचं राहून गेलं. रोज वाटायचं जावं." आणि जिना उतरून गेले.

छाया, मी तेव्हापासून तुझ्याशी भांडतोय.

तू थांबलीस. तू. मला तीन राजांवर गप्प बसल्याबद्दल वर्षानुवर्षं ऐकवणारी. हातात पुरावा, माल दारात उभा, आणि तू एका माणसाला सकाळपासून चहापर्यंतचा वेळ देऊन टाकलास. त्या वेळात त्यानं तुलाच हरवायला पान शोधलं, जवळजवळ सापडलंही. मिसळलेला तो माल शोधायला किती त्रास झाला. एखादा नग राहिला असता तर? तुझ्याच नियमानं हे चूक होतं. मी टेबलावर असं केलं असतं तर तू मला सोडलं नसतंस.

आणि मग मी थांबतो. कारण मला तुझा चेहरा दिसतो, विचार करत असलेला, आणि समोरच्याचं खरं असेल तर मान्य करायच्या बेतात असलेला. कदाचित तू म्हणशील, हो, तिथं माझं चुकलं. किंवा म्हणशील, मीनलला मी वेळ दिला नसता, ती पत्ते खेळायला बसली होती. मोहिते साहेब कुठं माझ्यासमोर खेळायला बसले होते? मला दोन्ही उत्तरं तुझ्या आवाजात ऐकू येतात आणि यातलं तुझं कुठलं ते मला ठरवता येत नाही. इतकी वर्षं समोर बसून तुझी पानं वाचली, आणि सगळ्यांत मोठा डाव तू मला न दाखवता खेळून गेलीस. त्याची बढाई नाही, तक्रार नाही. मला सांगितलंस असतं तर मी 'फुकटचं पान' म्हणून तुला चिडवलं असतं. म्हणूनही नसेल सांगितलं. हसायला येतं मला यावर, आणि मग येत नाही.

तू किती सहज गेलीस. सकाळी डबा भरता भरता डोकं धरलंस, "जरा बसते" म्हणालीस, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव, कुणालाच काही करता आलं नसतं. मी त्यांना बरोबर आहे म्हणालो. पण तुझ्याशी बोलताना बरोबर आहे म्हणायची सक्ती नाही, म्हणून सांगतो, मला हे अजिबात मान्य नाही.

काल मी चाकणला गेलो होतो. तुझं ओळखपत्र परत द्यायचं होतं आणि टेबलातल्या वस्तू आणायच्या होत्या. कल्पनाताई, तुझ्या शेजारी इतकी वर्षं बसणाऱ्या, गेटवर घ्यायला आल्या. तुझा स्वेटर, हळदीकुंकवाला मिळालेला तो स्टीलचा डबा, चष्म्याची जुनी काडी, असं सगळं एका पिशवीत घालून ठेवलं होतं. पिशवी हातात घेतल्यावरही मी निघालो नाही, तेव्हा त्यांनी विचारलं, "तुम्ही कधी आमची तपासणी बघितलीय का हो?"

नव्हती बघितली. तू सकाळी बस पकडायचीस, मी हिंजवडीची कॅब. तुझ्या तोंडून तडे हा शब्द शंभर वेळा ऐकला, त्यावरून भांडलो, पण तडा कसा दिसतो हे मी कधी विचारलंच नव्हतं. माझ्या डोक्यात काहीतरी मोठं होतं. फुटलेल्या मडक्यासारखं. कुणालाही दिसेल असं. म्हणून तर मी म्हणत होतो, एवढा भारी हात आहे, थांब.

काळ्या पडद्यांची एक खोली आहे, तू त्यातच बसायचीस. कल्पनाताईंनी शिकवण्यासाठी ठेवलेला एक खराब नग टेबलावर घेतला, त्यावर कसलंसं द्रावण सोडलं, मशीनचं बटण दाबलं, पडदा ओढला आणि जांभळा दिवा लावला. अंधारात तो लोखंडाचा तुकडा निळसर दिसायला लागला. त्यांनी तो माझ्यासमोर हळूहळू फिरवला.

"दिसलं?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो. खरं तर मला काही दिसलं नव्हतं. त्यांच्या ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी काही न बोलता नग परत फिरवायला घेतला, आणखी हळू, आणि एका जागी थांबल्या. वळणाच्या आतल्या बाजूला हिरवी रेघ चमकत होती. नखापेक्षा मोठी नाही. केसापेक्षा बारीक. मान जराशी हलवली की जायची, परत आणली की यायची.

"मॅडमना हातात घेतल्याबरोबर दिसायची," कल्पनाताई म्हणाल्या. "आम्ही दोनदा बघतो अजून."

बाहेर फोर्कलिफ्टचा आवाज येत होता, कुणीतरी शिफ्ट संपल्यावर हात धुत होतं. मी डोळे बारीक करून त्या रेघेकडे बघत उभा राहिलो. एवढ्याशा रेघेवर तू उभी राहिली होतीस, छाया, इतक्या सगळ्यांसमोर. मला ती दाखवल्यावरही धड दिसत नव्हती. कल्पनाताईंनी दिवा बंद करायला हात पुढे केला तेव्हा मी म्हणालो, "जरा राहू द्या."